भंगार, नग एक

टू-स्ट्रोक गाडीच्या पेट्रोलात ऑइल मिसळावं लागतं, ही माहिती मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी मिळाली आणि तीही गाडी बंद पडल्यावर. तोवर ही गोष्ट माहीत नसताना मी पदवी घेतली, लग्न केलं, जळगावच्या एका शाळेत पंचवीस वर्षं नागरिकशास्त्र शिकवलं, कुठेही अडलं नाही. अडलं ते रिंग रोडवर, भर दुपारी, वडिलांच्या, म्हणजे आबांच्या, येझदी मोटारसायकलवर बसलेलो असताना.

यात माझा दोष नाही. दोष शेजारच्या सुरेशचंदजींचा आहे. त्यांचं कापडाचं दुकान आहे, तीन पिढ्यांचं, आणि सचोटीबद्दल गावात त्यांचं नाव आहे. अडीच वर्षं झाकून ठेवलेली आबांची गाडी मी अंगणात काढली तेव्हा ते कंपाउंडवरून वाकून म्हणाले, "सर, टाकी धुवा आणि शुद्ध पेट्रोल टाका. एकदम शुद्ध. मिलावट कशातच नको." एवढा सज्जन माणूस मिलावट नको म्हणतो, तर मी ऑइल कशाला मिसळू? मी शुद्ध पेट्रोल टाकलं. गाडी चार किलोमीटर छान चालली. मग आतून कोणीतरी दार ठोठावू लागलं, आणि थोड्या वेळानं ठोठावणाऱ्यानंही नाद सोडला.

गाडी ढकलत गॅरेजात नेली, तेव्हा पितांबर मिस्त्रीनं स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजिनावर टेकवलं, मुठीला कान लावला आणि मला किक मारायला सांगितलं. मी मारली. त्यानं डोळे मिटून घेतले. डॉक्टर असं करतात तेव्हा नातेवाईक बाहेर बाकावर बसतात, म्हणून मीही टायरवर बसलो.

"रॉड गेला, सर," तो म्हणाला. "कनेक्टिंग रॉड. ऑइल कितीक टाकलं होतं?"

"पुरेसं," मी म्हणालो. पंचवीस वर्षं शिक्षकी केलेल्या माणसाला एकदम खरं बोलता येत नाही.

पितांबरनं मग मला रॉड म्हणजे काय ते समजावलं. पिस्टन वर-खाली होतो, क्रँक गोल फिरतो, दोघांचं एकमेकांशी काही जमत नाही, आणि मध्ये हा रॉड दोघांना धरून ठेवतो. मला ते लगेच पटलं. ग्रामपंचायत आणि जिल्हा परिषद यांच्यामध्ये पंचायत समिती हेच काम करते, असं मी दर वर्षी सहावीला सांगतो. फक्त पंचायत समिती गेली तर एवढा आवाज होत नाही.

एरवी मी गाडी पुन्हा झाकून ठेवली असती. पण आखाजी, म्हणजे आमची अक्षय्य तृतीया, नऊ दिवसांवर आली होती आणि मी आक्काला शब्द दिला होता.

आक्का म्हणजे माझी थोरली बहीण, धुळ्याला दिलेली. आखाजीला लेकीनं माहेरी यायचं, आणि तिला न्यायला माहेरचा माणूस जायचा, मुऱ्हाळी म्हणून. लग्नानंतर तेहतीस वर्षं तो मुऱ्हाळी म्हणजे आबा आणि आबांची येझदी. आबा आखाजीच्या दोन दिवस आधी निघत, रात्र धुळ्यात काढत आणि दुसऱ्या दिवशी आक्काला घेऊन येत. लेकीच्या घरी पाहुणचार घ्यायचा नाही हा त्यांचा नियम, म्हणून रात्री कुठल्याशा ओळखीच्या मिस्त्रीकडे उतरत. त्याच दिवशी परत का येत नाही, असं आईनं एकदा विचारलं होतं. "इंजिन थंड करावं लागतं," आबा म्हणाले. आबा कडक माणूस होते. त्यांनी एकदा सांगितलं की आम्ही पुन्हा विचारत नसू.

आबा गेले त्याच्या पुढची आखाजी सुतकासारखीच गेली. त्याच्या पुढच्या वर्षी मी आक्कासाठी गाडी पाठवली. एसी होती, ड्रायव्हर पांढऱ्या कपड्यांत होता. गाडी संध्याकाळी रिकामी परत आली. ड्रायव्हरच्या हातात आक्कानं कुरडयांचा डबा दिला होता आणि निरोप असा, की माले न्यायला माहेरनं माणूस येस, ड्रायव्हर नही. मला तेव्हा राग आला. मेघानं, म्हणजे माझ्या बायकोनं, कुरडया तळल्या आणि म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे." मी खाता खाता विचार केला आणि बरोबरच होतं. साठीला आलेल्या बाईला सासरच्या ओट्यावर चारचौघींत नवा ड्रायव्हर न्यायला येतो, म्हणजे माहेर संपलं असंच की. म्हणून यंदा मी फोनवर सांगून बसलो, "आक्का, मी स्वतः येतो. आबांच्या येझदीवर." मग ती म्हणाली, "बरं." त्या एका बरंसाठी मला ती गाडी चालू करायची होती.

पितांबरनं इंजिन उघडलं आणि क्रँक बाहेर काढला. जुना रॉड दाबून काढायचा, नवा दाबून बसवायचा, यासाठी मोठा प्रेस लागतो. जळगावात प्रेस पुष्कळ आहेत, पण येझदीच्या क्रँकला धुळ्याच्या तोताराम मिस्त्रीशिवाय दुसऱ्याचा हात लागू द्यायचा नाही, असं पितांबर म्हणाला. "आबांचं बठ्ठं काम त्याच्याकडंच व्हायचं." नवा रॉड दोन दिवसांनी मिळणार होता, तोवर क्रँक पार्सलनं पुढे पाठवायचं ठरलं. मी तो घरी नेला आणि कागदात गुंडाळला.

आता या कागदाबद्दल सांगायला हवं. आखाजीला आमच्या खानदेशात पत्ते खेळतात. चोरून नाही, ओट्यावर, पारावर, देवळासमोर, आणि बापाशेजारी मुलगा बसून. मी या प्रथेच्या विरुद्ध आहे. आबाही होते, आमच्या घरात पत्त्याचा कॅट कधी आला नाही. मी दर वर्षी इथल्या एका दैनिकात 'आखाजी आणि पत्त्यांची कीड' या नावाचा लेख लिहितो. तो माझ्या फोटोसह छापून येतो आणि मी त्या दिवशीचे पंचवीस अंक घेतो. चोवीस घरातच राहतात. क्रँक गुंडाळायला त्यातले तीन लागले.

पार्सल ऑफिसात दीपक नावाचा तरुण कॉम्प्युटरपुढे बसला होता.

"वस्तू काय?"

"क्रँक. मोटारसायकलच्या इंजिनाचा."

"मग पार्ट. बिल लागेल."

"एकोणऐंशी सालची गाडी आहे. बिल वडिलांकडे होतं. वडील नाहीत."

दीपकनं सहानुभूतीनं मान हलवली, पण कॉम्प्युटरला सहानुभूती नव्हती. त्यात फळं, कापड, घरगुती सामान आणि भंगार एवढ्याच जागा होत्या. मी घरगुती सामान सुचवलं. त्यानं गाठोडं उचलून पाहिलं, हाताला लागलेलं तेल पाहिलं आणि विचारलं, "सर, हे घरात कुठं असतं?" शेवटी त्यानं 'भंगार, नग एक' असं टाकलं आणि कागद सहीला पुढे केला. ज्या गाडीवर बसून आबांनी मला पहिल्यांदा शाळेत नेलं, तिच्या काळजाला मी भंगार म्हणून सही केली. सही करताना मी चष्मा काढला होता, एवढंच माझ्या बाजूनं सांगता येईल.

दोन दिवसांनी तोतारामकडे फोन लावला, तर काही आलेलंच नव्हतं. दीपकला विचारलं. त्यानं शोधून सांगितलं, "सर, भंगाराचा सगळा माल चाळीसगावला उतरतो. तिथली पार्टी सगळा एकदम सोडवते." पार्टीनं आबांचा क्रँकही सोडवला होता.

मी रजेचा अर्ज केला. मुख्याध्यापकांनी कारण वाचलं, 'वडिलांच्या वाहनाचा भाग परत आणणे', आणि त्यावर रेघ मारून स्वतःच्या अक्षरात 'घरगुती अडचण' लिहिलं. सुरेशचंदजींनी स्टेशनला निघताना अडवून सांगितलं, की भंगारवाल्याशी घासाघीस करू नका, त्याला वस्तूची गरज कळते. हा त्यांचा एकमेव सल्ला पुढे उपयोगी पडला असता, पण मी तोपर्यंत त्यांचे सल्ले ऐकणं बंद केलं होतं.

चाळीसगावचा भंगारवाला रतिलाल चांगला माणूस निघाला. त्यानं मला लोखंडाच्या ढिगापाशी नेलं आणि शोधा म्हणाला. पंपाचे पाइप, सायकलींचे सांगाडे, कुणाची तरी तिजोरी, हे सगळं हलवत मी अर्धा तास घालवला. मी एवढा आतुर आहे हे पाहून त्यालाही त्या वस्तूत रस वाटू लागला. गाठोडं सापडलं तेव्हा तो म्हणाला, "पन तुमचंच कशावरून?"

मी कागद उलगडला. तेलानं भिजलेल्या पानावरून मी स्वतःकडे कठोर नजरेनं पाहत होतो. रतिलालनं फोटो पाहिला, मला पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला.

"फोटो तुमचा, तर माल तुमचा," तो म्हणाला आणि क्रँक तराजूत टाकला. आबांचा क्रँक मी वजनावर परत घेतला. लेखाचं त्यानं काही लावलं नाही.

यानंतर मी तो कोणाच्या हाती दिला नाही. आखाजीला तीन दिवस राहिले होते. पिशवीत क्रँक, खिशात नवा रॉड आणि त्याचं बेअरिंग घेऊन मी धुळ्याची बस धरली. आक्काला मी गाडी ठणठणीत आहे असं सांगितलं होतं, त्यामुळे धुळ्यात कुणी ओळखायला नको होतं. म्हणून तोंडाला रुमाल बांधला. त्या उन्हात सगळेच बांधतात, हे एक बरं असतं. धुळ्यात गल्ल्यांना नंबर आहेत, आणि तोतारामचं वर्कशॉप आक्काच्या गल्लीपासून दोनच नंबर पुढे निघालं.

वर्कशॉपला कुलूप नव्हतं, पण माणूसही नव्हता. समोर लिंबाखाली चार जण पत्ते खेळत बसले होते. पैशाऐवजी चिंचोके लावले होते. त्यातला जाड चष्म्याचा म्हातारा म्हणजे तोताराम.

"आज काम नही," तो वर न बघता म्हणाला. "आखाजी शे."

"आखाजीला तीन दिवस आहेत."

"आमनी आखाजी पंधरा दिन ऱ्हास."

मी पिशवीतून क्रँक काढला. तोतारामनं तो हातात घेतला, कडेवरून अंगठा फिरवला, आणि पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "आबासना पोऱ्या का तू?" मी हो म्हणालो. काम करायचं त्याच्या मनात आलं होतं हे दिसत होतं, पण हातातले पत्ते सोडवत नव्हते.

"मी उठनू ते डाव मोडी जाई," तो म्हणाला. "मना पत्ता कोन धरी? तू धर."

मी माझी भूमिका स्पष्ट केली. प्रथा, तरुण पिढी, वेळेचा अपव्यय, हे सगळं मी थोडक्यात पण मुद्देसूद मांडलं. त्यांनी ऐकून घेतलं. मग तोताराम म्हणाला, "मंग आखाजी व्हयनी का ये." आखाजी झाल्यावर मला क्रँकचा काय उपयोग होता? मी पत्ते हातात घेतले. ते कसे धरतात हेही त्यांच्यातल्या एका दाढीवाल्यानं दाखवलं.

मी तोतारामच्या जागी बसू लागलो तर त्यानं अडवलं. स्वतःच्या जागेवर दुसरा बसला की नशीब उठून जातं, असं त्याचं म्हणणं. "ती गोणपाटवर बठ. ती जागा दोन आखाजीपासून खालीच शे." घडी घातलेलं एक गोणपाट झाडाच्या बुंध्याला लागून होतं. तिथे बसलो, तर पाठ टेकायची सोय बरी होती.

आतून प्रेसचा आवाज येऊ लागला. जुना रॉड निघाला, नवा बसला, पण खरं काम पुढेच असतं. क्रँक दोन टोकांवर धरून फिरवायचा, काटा किती हलतो ते बघायचं, आणि सोनगीरच्या तांबटानं घडवलेल्या तांब्याच्या हातोडीनं एक टोला घालायचा. पुन्हा फिरवायचा, पुन्हा बघायचं. तोताराम दर टोल्याला पाच मिनिटं विचार करत होता. तेवढ्या वेळात मी डाव जिंकत होतो. मला खेळ समजत नव्हता, बहुधा म्हणूनच जिंकत होतो. माझ्यापुढे चिंचोक्यांचा ढीग झाला.

ज्या कागदात क्रँक होता तो दाढीवाल्याच्या हाती लागला होता. तो एकेक अक्षर लावत मोठ्यानं वाचू लागला. "'जे हात मातीत सोनं पिकवतात, तेच हात या दिवशी पत्ते पिसतात, हे पाहून कोणाचं मन विषण्ण होणार नाही?'" त्यानं थांबून मला विचारलं, "विषण्ण म्हंजे काय, भाऊ?" मी तेव्हा पत्ते पिसत होतो.

"वाईट वाटणं," मी म्हणालो आणि वाटू लागलो.

आणि त्या क्षणी समोर स्कूटर थांबली. स्कूटरवर आक्काचे यजमान होते, मांडीवर मिक्सरचं भांडं. तोंडावरचा रुमाल मी केव्हाच सोडला होता, कारण रुमालामुळे पत्ते नीट दिसत नव्हते. दाजींनी मला पाहिलं. माझ्या हातातले पत्ते पाहिले, चिंचोके पाहिले, आणि मी बसलो होतो ते गोणपाट जरा जास्तच वेळ पाहिलं.

"बरं," दाजी म्हणाले, आणि मिक्सरचं भांडं तसंच घेऊन परत गेले.

जळगावला येणाऱ्या बसमध्ये मी खिडकीबाहेर बघत बसलो. गाडी बिघडली हे लपवायला तोंड झाकून गेलो आणि सासरच्या माणसासमोर जुगारी ठरलो. आता आक्काला सासरच्या घरात काय काय ऐकावं लागेल, याचा विचार करून मला खरंच रडू येत होतं. मांडीवर क्रँक होता. त्याचा नवा रॉड हलवला की आवाज न करता हलत होता.

पितांबरनं दुसऱ्या दिवशी इंजिन जोडलं. गाडी तिसऱ्या किकला सुरू झाली. त्यानं ऑइल स्वतः मोजून पेट्रोलात ओतलं आणि माझ्याकडे काहीशा अर्थानं पाहिलं. मग अट घातली. नवा रॉड आहे, तीसच्या वर पळवायची नाही, आणि दर दहा किलोमीटरला दहा मिनिटं उभी करायची.

आखाजीच्या आदल्या दिवशी मी सूर्य उगवायच्या आत निघालो. जळगाव ते धुळे नव्वद किलोमीटर आहे, म्हणजे मी वाटेत आठ वेळा उभा राहिलो. उभ्या मोटारसायकलजवळ उभा माणूस दिसला की खानदेशात कोणी तसाच पुढे जात नाही. एरंडोलच्या अलीकडे एकानं प्लग साफ करून दिला, पलीकडे दुसऱ्यानं तोच प्लग बघून हा कोणी हात लावला म्हणून विचारलं. एक ट्रॅक्टर मला मागे टाकून गेला, मी थांबलेला बघून परत आला आणि दोर देऊ का म्हणाला. गाडी चांगली आहे, मीच थांबलोय, असं मी सगळ्यांना सांगितलं. कोणाचा विश्वास बसला नाही, पण ताक दोघांनी पाजलं.

अकराच्या सुमारास मी आक्काच्या गल्लीत शिरलो. गियरचा आणि किकचा दांडा एकच असलेली ती गाडी नेमकी दारात बंद पडली, पण पोचून पडली. ओट्यावर आक्का बसली होती, पायाशी पिशवी. शेजारी तिच्या सासूबाई, भिकुबाई, नव्वदीला टेकलेल्या.

"उना का मुऱ्हायी?" भिकुबाईंनी गाडी बघत विचारलं.

"उना," आक्का म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं टाकीवर हात ठेवला, टाकी तापलेली होती तरी काढला नाही.

मी मनात तयार केलेलं सगळं बोलून टाकलं. क्रँक, भंगार, चाळीसगाव, तोताराम, आणि शेवटी पत्ते. पत्ते मला नाइलाजानं धरावे लागले, दाजींनी जे पाहिलं त्यामागची परिस्थिती वेगळी होती, तुझी मान खाली गेली असेल तर मला माफ कर, असं मी म्हणालो.

आक्का ऐकत होती. मग ती हसायला लागली. पदरानं डोळे पुसायची आणि पुन्हा हसायची.

"परवा यास्नी घर येईसन सांगं, तुना भाऊ तोताराम मिस्तरीकडे पत्ता खेयी ऱ्हायना. त्या गोणपाटवर," ती म्हणाली. "मी तव्हयच पिशवी भरी लिधी."

मला कळलं नाही.

"आबा बी तठेच बठेत. माले लेवाले येवाना आदला दिन. यास्नी येईसन सांगं का, तुना बाप उना, पत्ता खेयस. मंग मी पिशवी भरू. तेहतीस साल."

"ते इंजिन थंड करायला थांबायचे ना?"

"इंजिन थंड व्हवाले रात लागस का रे, भूपेंद्र?"

मी ओट्याच्या पायरीवर बसलो. आबांनी घरात पत्ता येऊ दिला नाही. मी त्यांच्यावरून एवढे लेख लिहिले. मला राग यायला हवा होता. त्याऐवजी लिंबाच्या बुंध्याला पाठ टेकवून, चिंचोके मोजत बसलेले आबा डोळ्यांपुढे आले, आणि ते गेल्यानंतर पहिल्यांदाच मला त्यांची एवढी आठवण आली. आमच्या घरात ते तसे कधी बसले नव्हते. आणि त्यांची जागा दोन आखाजी मोकळी ठेवली होती त्या माणसांनी, कोणी काही न बोलता.

भिकुबाईंनी आक्काची ओटी भरली. मी पिशवी हँडलला अडकवली, किक मारली, पाचव्या किकला गाडी बोलली. आक्का मागे बसली आणि तिनं माझ्या खांद्यावर हात ठेवला, आबांच्या ठेवायची तसाच असेल. गल्लीतल्या बायका ओट्यांवर आल्या होत्या. गाडी तीसच्या खालीच चालली होती, त्यामुळे सगळ्यांना नीट बघता आलं.

गल्लीच्या तोंडाशी आक्का माझ्या कानाजवळ म्हणाली, "पुढला साल आदला दिन ये. माले पिशवी भराले वखत लागस."

"येईन," मी म्हणालो. "इंजिनही थंड करावं लागतं."